'रिफल्जंट' : जुनाट इंग्रजी शब्द, 'भर्ग' आणि आपली झळ

ओवीकर

'चमकणारा' यासाठी इंग्रजीत शब्दांची काही कमी नाही. त्यातला 'रिफल्जंट' आज कुणी बोलताना वापरत नाही. जुन्या कवितेत, प्रवचनात किंवा मुद्दाम अवजड लिहिलेल्या गद्यात तो भेटतो. इंग्रजीत तो साधारण १५०० सालापासून आहे. अर्थाला शब्दकोश 'तेजस्वी, देदीप्यमान' असं काहीतरी देऊन मोकळे होतात, आणि अनुवादकाची पंचाईत तिथूनच सुरू होते. म्हणून हा धागा.

आधी शब्द सोलून घेऊ.

रि + फल्ज + एंट. शेवटचा 'एंट' हा लॅटिन वर्तमानकालवाचक विशेषणाचा प्रत्यय आहे, मराठीत '-णारा', '-ता'. मधला भाग 'फुल्गेरे' या क्रियापदाचा. त्याची रूपं : फुल्गेओ (मी झळाळतो), फुल्गेरे (झळाळणे), फुल्सी (मी झळाळलो). भूतकाळात 'ग' गळतो, म्हणून लॅटिन उताऱ्यात 'रेफुल्सित' दिसलं की गोंधळू नका, ते याच क्रियापदाचं रूप. 'रि' म्हणजे 'परत, उलट'. पण लॅटिनमध्ये हा उपसर्ग नुसता जोर वाढवायलाही येतो, आणि इथे नक्की कोणता हे प्रत्येक वाक्यात वेगळं ठरवावं लागतं.

उच्चार : रि-फल्-जंट, आघात मधल्या अक्षरावर. अमेरिकेत मधलं अक्षर बऱ्याचदा 'फुल्'सारखं ऐकू येतं. लॅटिनमधला 'ग' इंग्रजीत 'ज' झाला कारण पुढे 'ए' आहे. जनरल, जेंटल, एजंटमध्येही तेच. 'रिफलगंट' म्हणू नये.

याचा भाऊ 'एफल्जंट'. त्यात उपसर्ग 'एक्स', म्हणजे 'बाहेर'. एक्स + फुल्गेरे = एफ्फुल्गेरे, पुढच्या 'फ'ने 'क्स'ला गिळलं. आपल्याकडे उत् + ज्वल = उज्ज्वल झालं तसंच. चुकाही जुळ्या आहेत : इंग्रजीत लोक एकच 'एफ' लिहितात, आपल्याकडे निम्म्या पाट्यांवर 'उज्वल' असतं. दोन्हीकडे गिळलेल्या उपसर्गाचं शेवटचं हाड तेवढं उरलंय, आणि लिहिणारा तेही फेकून देतो.

आता प्रश्न. १) या 'फुल्ग'चं संस्कृतात कोण? २) मराठीत कोणता शब्द बसवायचा?

फाल्गुनी_पुणे

पहिल्याचं उत्तर तर समोरच दिसतंय. फुल्ग, फल्गु, फाल्गुन! होळीचा महिना, आग, उजेड, सगळं जुळतं.

निरुक्तवाचक

@फाल्गुनी_पुणे, आयडी पाहता तुमचा हितसंबंध गुंतलेला दिसतो :) पण नाही जुळत. इतकं हुबेहूब जुळतंय हीच खरी शंकेची जागा.

लॅटिन शब्दाच्या सुरुवातीचा 'फ' संस्कृतात 'फ' म्हणून भेटत नाही. तो मुख्यतः तीन ठिकाणांहून आलेला असतो :

भ पासून : भरामि – फेरो, भ्रातृ – फ्राटेर
ध पासून : धूम – फूमुस
घ पासून : घर्म – फोर्मुस (आपला घाम आणि इंग्रजी वॉर्म याच घरातले)

म्हणजे 'फुल्ग'साठी संस्कृतात भ, ध किंवा घ ने सुरू होणारा शब्द शोधायचा. मधला 'ल' संस्कृतात पुष्कळदा 'र' होतो : लॅटिन प्लेनुस, संस्कृत पूर्ण, इंग्रजी फुल. शेवटचा 'ग' संस्कृतात ग (काही रूपांत ज) आणि इंग्रजी घराण्यात 'क' : युग – युगुम – योक.

आता भ + र + ग मांडा. भर्ग. 'भर्गो देवस्य धीमहि' मधला.

ऋग्वेद ३.६२.१०. तिथलं रूप भर्गस्, नपुंसकलिंगी, द्वितीया एकवचन. 'भर्गो' हा ओकार पुढच्या 'दे'मुळे झालेला संधी आहे, पुल्लिंगी प्रथमा नव्हे. पुरावा त्याच ओळीत : आधीचं विशेषण 'वरेण्यं' आहे, 'वरेण्यः' नाही. नंतरच्या संस्कृतात मात्र 'भर्ग' पुल्लिंगी होऊन शंकराचं नाव बनला. अमरकोशात 'हरः स्मरहरो भर्गः' अशी ओळ आहे. दोन्ही रूपं एकमेकांत मिसळून पुष्कळ लोक गायत्रीचा अन्वय चुकवतात.

ओवीकर

म्हणजे रिफल्जंट आणि भर्ग सख्खे. धन्यवाद. बाकीच्या घराण्याचीही नोंद करून ठेवू. मूळ धातू आद्य भारोपीय (संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी यांची मानलेली पूर्वज भाषा) *भ्लेग्, अर्थ 'जळणे, झळाळणे' (तारा म्हणजे पुनर्रचित रूप, कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही) :

लॅटिन फुल्गुर म्हणजे वीज. वाळूत वीज पडली की वितळून काचेची नळी बनते, तिला याच शब्दावरून फुल्गुराइट म्हणतात. लॅटिन फ्लाम्मा म्हणजे ज्वाळा, त्यावरून फ्लेम. फ्लाग्रारे म्हणजे धगधगणे, त्यावरून फ्लॅग्रंट. 'फ्लॅग्रंट व्हायोलेशन' म्हणजे शब्दशः धगधगतं उल्लंघन. ग्रीक फ्लेगो म्हणजे मी जाळतो. त्यावरून बागेतला फ्लॉक्स, आणि खोकला झाला की डॉक्टर विचारतात तो 'फ्लेम' म्हणजे कफसुद्धा. ग्रीक वैद्यकात फ्लेग्मा म्हणजे आधी दाह, मग दाहातून येणारा कफ. गायत्रीतलं तेज आणि घशातला बेडका एका कुळातले, काय करणार.

शेंगदाणा

आणि ब्लॅक?

निरुक्तवाचक

बरोबर, तो राहिला होता. इंग्रजी 'ब्लॅक' याच *भ्लेग् मधून धरतात. जळलेलं ते काळं. वर दिलेल्या नियमाने तपासा : भ चा ब, ल तसाच, ग चा क. तिन्ही जागा भरल्या.

गंमत अशी की जुन्या इंग्रजीत 'ब्लॅक्' (काळा) आणि 'ब्लाक्' (फिकट, चकाकणारा) हे दोन शब्द इतके जवळ होते की मध्ययुगीन हस्तलिखितांत काही ठिकाणी माणूस काळा आहे की पांढराफटक, हे संदर्भावरूनच ठरवावं लागतं. ब्लीच आणि ब्लीक दुसऱ्याच्या कुळातले.

टीपकागद

एक आक्षेप. भर्ग हे 'भर्जन' म्हणजे भाजणे यावरून आलं असं परंपरेत सांगतात ना? वेदांचे भाष्यकार सायणाचार्य यांनीही भर्जनावरून व्युत्पत्ती दिलेली आहे. मग भर्ग, भाजणे, भाजणी, सगळं एकच कूळ का नाही?

निरुक्तवाचक

आक्षेप रास्त आहे. भाष्यकार व्युत्पत्ती देतो ती अर्थ उलगडायला. भर्ग म्हणजे पाप भाजून काढणारं तेज, हे अर्थाच्या दृष्टीने सुरेखच आहे. तुलनात्मक भाषाशास्त्र मात्र भृज्ज् (भाजणे) वेगळ्या खणात ठेवतं. त्याची लॅटिन जोडी फ्रीगेरे, आणि तिच्यातून इंग्रजी 'फ्राय'. म्हणजे चकलीच्या भाजणीचं नातं फ्रायशी, आणि भर्गाचं फ्लेमशी. शेजारी आहेत, नातलग नाहीत.

हीच चूक 'भा' धातूबाबतही होते. प्रभा, आभा, भानू, प्रभात हे दिसतात भर्गासारखे, पण त्यांची ग्रीक जोडी 'फोस' (उजेड), ज्यावरून फोटो. आणि भ्राज् (भ्राजते, झळकतो) याची जोडी इंग्रजी ब्राइट. 'भ'ने सुरू होणारं प्रत्येक तेज एका भट्टीतलं नसतं.

स्वतः तपासायचं असेल तर क्रम असा ठेवा. आधी दोन्ही शब्दांचे उपसर्ग-प्रत्यय काढून टाका, कारण 'रिफल्जंट'मधला 'रि' घेऊन संस्कृतात शोधत बसलात तर आयुष्य जाईल. मग उरलेल्या प्रत्येक व्यंजनाला स्वतंत्र जोडी द्या. तीच जोडी दाखवणारे निदान दोन-तीन निर्विवाद शब्द सापडले पाहिजेत, नाहीतर ती जोडी तुम्ही सोयीसाठी बनवलेली आहे. अर्थ सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक हे उलटं करतात, अर्थावरून सुरू करतात, म्हणून फाल्गुन सापडतो.

कंदील

तेजाच्या शब्दांत माझ्या आयडीचीही वर्णी लावून घेतो. लॅटिन 'कान्देरे' म्हणजे पांढरंशुभ्र झळाळणे. त्यावरून कान्देला (मेणबत्ती), त्यावरून इंग्रजी कँडल. तोच शब्द ग्रीकमार्गे अरबीत 'किंदील' झाला आणि फारसीतून आपल्याकडे कंदील. कान्देरेची संस्कृत जोडी चंद्र. म्हणजे कोजागरीचा चंद्र आणि चार दिवस आधी गॅलरीत टांगलेला आकाशकंदील एकाच मुळाचे, एक घरातच राहिला, दुसरा रोम-बगदाद फिरून आला.

निरुक्तवाचक

@कंदील, व्युत्पत्तीला पूर्ण गुण, पंचांगाला नाही. कोजागरी आश्विन पौर्णिमेला, आकाशकंदील लागतो तो आश्विन वद्याच्या शेवटी. मध्ये पंधरवडा जातो.

पण यात भर : त्या मुळाला सुरुवातीला 'स'कार होता, *स्कन्द् असा. संस्कृतात तो गळाला, पण एका नावात अजून अडकून बसलाय : हरिश्चंद्र. हरि + चंद्र याचं सरळ 'हरिचंद्र' व्हायला हवं, मध्ये 'श्' कुठून आला? पाणिनीने त्यासाठी खास सूत्र दिलं, ६.१.१५३, 'प्रस्कण्वहरिश्चन्द्रावृषी'. म्हणजे ऋषींची ही नावं अशी अनियमित आहेत, तशीच घ्या. आज आपण म्हणू शकतो की तो 'श्' नवा घुसलेला नाही, जुना राहिलेला आहे. आणि पहिला 'हरि' म्हणजे पिवळा, सोनेरी. त्याच्याच मुळातून हिरण्य, हरिद्रा म्हणजे आपली हळद, आणि तिकडे गोल्ड, यलो, ग्लिटर, ग्लिस्टर. हरिश्चंद्रगडाच्या पाटीवर दोन-दोन झळाळणारी मुळं शेजारी उभी आहेत.

कंदील

पंचांगाची चूक मान्य. 'चार दिवस आधी' मागे घेतो, चंद्र राहू द्या.

मुक्तछंद

मूळ शब्दाकडे येते. व्युत्पत्तीने अर्थ कळतो, वापर कळत नाही. रिफल्जंट जुनाट का झाला, ते बघू.

इंग्रज कवी मिल्टनच्या १६६७च्या महाकाव्यात देवदूतांचं सैन्य सोन्याच्या चिलखतात उभं राहतं, त्याला तो 'रिफल्जंट होस्ट' म्हणतो. तिथे शब्द चोख बसतो. धातू आहे, प्रकाश त्यावर आपटून परत येतोय, 'रि' उपसर्ग कामाला लागलाय. मग कवी अलेक्झांडर पोपने होमरच्या ग्रीक इलियडचा इंग्रजी अनुवाद केला (१७१५ ते १७२०). आठव्या सर्गाच्या शेवटी ट्रॉयच्या मैदानात शेकोट्या पेटलेल्या आहेत, त्यांना रात्रीच्या आकाशाची उपमा आहे. पोप लिहितो : 'अ‍ॅज व्हेन द मून, रिफल्जंट लँप ऑफ नाइट'. होमरकडे तिथे फक्त 'उजळ चंद्र' आहे. एक साधं विशेषण. 'रात्रीचा दिवा' पोपच्या पदरचा.

ही ओळ शंभर वर्षं लोकांना पाठ होती. १८१५ मध्ये कवी वर्ड्सवर्थने याच चांदण्याच्या वर्णनाला धारेवर धरलं : समोर होमर असूनही हे चित्र खोटं आणि परस्परविरोधी आहे, म्हणाला. त्या पिढीला कवितेत रोजच्या बोलण्यातले शब्द हवे होते. रिफल्जंट, रिस्प्लेंडंट, एफल्जंट ही सगळी मंडळी तेव्हापासून भरजरी शेल्यासारखी पेटीत गेली. लग्नाकार्याला बाहेर काढतात.

शेंगदाणा

पण चंद्राला रिफल्जंट म्हणणं उलट अचूक नाही का? चंद्र सूर्याचा प्रकाश परत फेकतो, 'रि' म्हणजे परत. पोपला भौतिकशास्त्र कळत होतं!

मुक्तछंद

मोह होतो खरा, पण नाही. पोपच्या ओळीत परावर्तनाचा मागमूस नाही. चंद्राला तो दिवा म्हणतोय, आणि दिवा स्वतः जळतो. इथे 'रि' नुसता जोराचा. वर ओवीकरांनी म्हटलंय ना, प्रत्येक वाक्यात वेगळं ठरवायचं.

आणखी एक बघा. लॅटिनमध्ये हे क्रियापद बऱ्याचदा क्षणाचं असतं. व्हर्जिलच्या इनीड या लॅटिन महाकाव्यात पहिल्या सर्गात व्हीनस वेष पालटून मुलाशी बोलते आणि पाठ फिरवते, त्या क्षणी तिची गुलाबी मान 'रेफुल्सित'. चमकत होती असं नव्हे, झळकली. त्या झळकण्यावरून मुलाला कळतं की ही देवी आहे. सहाव्या सर्गात झाडीतून सोन्याच्या फांदीची छटा येते, तिथेही तेच क्रियापद. इंग्रजीने ते विशेषण करून घेतलं आणि क्षण घालवला, स्थिर झळाळी ठेवली.

मराठीत हा फरक दोन क्रियापदांत तयार आहे : झळकणे आणि झळाळणे.

ओवीकर

वा. मग दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे असं वाटतंय. नेहमीचे उमेदवार तपासतो.

'देदीप्यमान' : दीप् धातूचं द्वित्व करून जोर आणलेला, 'जाज्वल्यमान' तसाच ज्वल् पासून. लॅटिन उपसर्गाने जोर आणतं, संस्कृत अक्षर दोनदा म्हणून. जुनाटपणा रिफल्जंटइतकाच, त्यामुळे मिल्टनच्या सैन्याला चालेल. पण वर्तमानपत्रांनी हा शब्द 'देदीप्यमान यशा'ला इतका जुंपलाय की त्यात उजेड उरला नाही.

'तेजःपुंज' : माणसाच्या चेहऱ्याला लागतो. चिलखताला, पाण्याला नाही.

'लखलखता' : विजेला, तलवारीला, घासलेल्या पितळेला. उजेड आहे पण थंड.

'चकाकता' : संशयास्पद. 'चकाकतं ते सोनं नसतं' या म्हणीने कायमचा बदनाम केला. इंग्रजीत ते काम ग्लिस्टरने केलं. शेक्सपिअरच्या व्हेनिसच्या नाटकात सोन्याच्या पेटीत कवटी निघते, तिच्या डोळ्याच्या खोबणीतल्या चिठ्ठीवर 'ऑल दॅट ग्लिस्टर्स' असं आहे. लोकांनी नंतर त्याचं ग्लिटर्स केलं.

'तळपता' : सूर्याला आणि शस्त्राला. यात ताप आहे.

'झळाळता' : माझं मत याला. कारण त्याच्या शेजारी 'झळ' आहे. उन्हाची झळ, चुलीची झळ, खर्चाची झळ. *भ्लेग् मध्ये जाळणं आणि उजळणं एकत्र होतं, ते लॅटिनमध्ये फ्लाम्मा आणि फुल्गुर असं वेगळं झालं. मराठीत झळ आणि झळाळी अजून एका ओसरीवर बसतात.

टीपकागद

मग हे करून दाखवा. अमेरिकन लेखक एमर्सनने १५ जुलै १८३८ रोजी हार्वर्डच्या धर्मशिक्षण विद्यालयात भाषण केलं, त्याचं पहिलंच वाक्य 'इन धिस रिफल्जंट समर' असं सुरू होतं, आणि पुढे म्हणतो की या दिवसांत नुसता श्वास घेणं ही चैन आहे. 'या झळाळत्या उन्हाळ्यात श्वास घेणं ही चैन आहे' असं मराठीत लिहिलं तर वाचक पहिल्यांदा पंखा लावेल.

मुक्तछंद

हा खरा पेच. आणि गंमत म्हणजे जो गुण ओवीकरांनी झळाळताच्या बाजूने मांडला, तोच इथे आड येतो. 'झळाळता' आणि 'उन्हाळा' शेजारी आले की झळ जागी होते. हार्वर्ड जिथे आहे त्या मॅसॅच्युसेट्सचा जुलै म्हणजे लांब दिवस, फुललेली कुरणं, पाइनचा वास. नागपूरचा मे नव्हे. आपल्याकडे ते ऊन शरदात पडतं : पाऊस उघडलेला, हवा धुतलेली, गवतावर सोनं.

ज्ञानेश्वरांनी पसायदानात नेमकं हेच मागितलंय, 'मार्तंड जे तापहीन'. *भ्लेग् चे दोन अर्थ वेगळे करून एकच ठेवला.

म्हणून इथे 'उन्हाळा' हा शब्दच टाळायचा. 'उन्हाने झळाळून निघालेल्या या दिवसांत नुसता श्वास घेणं हीसुद्धा चैन आहे.' ऋतूचं नाव गेलं, महिना भाषणाच्या तारखेत आहेच. 'झळाळून निघालेल्या'मुळे उजेड पदार्थांवर पडलाय, अंगावर नाही. 'रि'सुद्धा आला.

टीपकागद

'झळाळून निघालेल्या' हे लांबतं. मूळ वाक्य दोन शब्दांत उडी मारतं. 'या लख्ख दिवसांत' का नको?

मुक्तछंद

लख्ख म्हणजे स्वच्छ, सगळं दिसेल असं. 'लख्ख आठवतंय' म्हणतो तो. त्यात भरजरीपणा नाही, आणि एमर्सनचं पहिलं वाक्य मुद्दाम भरजरी आहे. १८३८ मध्येही तो शब्द पेटीतूनच काढलेला होता. त्याचा अनुवाद सुती करून चालणार नाही.

शेंगदाणा

'या झळाळत्या दिवसांत'. उन्हाळा गेला, लांबण गेली, जर राहिला.

टीपकागद

हे चालेल. 'झळाळते दिवस' म्हटल्यावर झळ लागत नाही, कारण दिवसाला ती नसते, उन्हाला असते.

फाल्गुनी_पुणे

फाल्गुन गेला तो गेलाच. पण मग 'फल्गु' म्हणजे काय, लालसर ना? तेही तेजाच्या आसपासच आहे.

निरुक्तवाचक

लालसर हा एक अर्थ, क्षुल्लक हा दुसरा. पण 'फ' तिथल्या तिथेच आहे. वेगळा धागा काढा, येतो.